एकच लायब्ररी, तीन डेस्कटॉप: डॉटनेटमध्ये टार्गेट कसं ठरवायचं

इंदूरच्या सियागंजात एका मसाल्याच्या ठोक दुकानात तीन संगणक आहेत. गल्ल्यावरचा सगळ्यांत जुना, त्यावर अजून विंडोज ७. आतल्या खोलीत हिशेब बघणारे काका बसतात, त्यांच्याकडे विंडोज ११. आणि मागच्या गोदामात एक संगणक, ज्यावर मालकांच्या मुलाने उबंटू टाकलं आहे. तिन्हींवर आमचंच बिलिंग चालतं. खिडक्या तिन्हीकडे वेगळ्या दिसतात, पण बिलाची बेरीज, जीएसटीची फोड आणि मालाची यादी ही कामं एकाच लायब्ररीतून, म्हणजे तिन्ही ॲपांनी मिळून वापरायच्या कोडातून होतात.

ती लायब्ररी तिन्हीकडे चालावी म्हणून प्रोजेक्ट फाइलीत काय लिहायचं, हे मी नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना बरेचदा समजावतो. लिहायला जड काहीच नाही, मुख्य ओळ एकच आहे: टार्गेटची, म्हणजे हा कोड कोणत्या डॉटनेटवर चालावा ते सांगणारी. पण त्या एका ओळीत आपण किती गोष्टी कबूल करून बसतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते इथे सांगतो. प्रोजेक्ट फाइलीत ही सगळी नावं रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायची असतात. इथे मी ती आपण बोलतो तशी दिली आहेत.

इतके प्रकार आले कुठून

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेट फ्रेमवर्क, म्हणजे ॲप लिहायचं आणि चालवायचं साधन, आणलं तेव्हा असा प्रश्नच नव्हता. ते विंडोजचं होतं, आणि खिडक्या विनफॉर्म्सने बनायच्या. २००६ मध्ये खिडक्यांसाठीच डब्ल्यूपीएफ आलं. मग २०१६ मध्ये डॉटनेट कोअर आलं: नव्याने उभारलेलं, लिनक्स आणि मॅकवरही चालणारं, पण डेस्कटॉपच्या खिडक्यांशिवाय. त्या २०१९ मध्ये डॉटनेट कोअर ३.० बरोबर आल्या, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. कोअर सगळीकडे चालतं, तर त्यातलं डब्ल्यूपीएफही सगळीकडे चालणार, असं वाटतं. चालत नाही. डब्ल्यूपीएफ आणि विनफॉर्म्स आजही फक्त विंडोजवर आहेत. लिनक्सवर खिडकी हवी असेल तर ॲव्हलोनियासारखं काही घ्यावं लागतं, जे बटणं आणि चौकटी स्वतःच रंगवतं आणि त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे सारखं दिसतं. मायक्रोसॉफ्टचं माउई विंडोज, मॅक आणि फोनसाठी आहे. लिनक्स त्यात नाही.

२०२० मध्ये 'कोअर' हा शब्द गळाला आणि डॉटनेट ५ आलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरला नवी आवृत्ती येते. डॉटनेट ८ नोव्हेंबर २०२३ ची, डॉटनेट १० नोव्हेंबर २०२५ ची. खाली मी ८ धरून लिहितो. तुम्ही १० वर असाल तर आकडा बदला, रचना तीच राहील. जुनं फ्रेमवर्क मात्र ४.८ च्या घरात थांबलं आहे. त्यात नवी भर पडत नाही, पण ते मेलेलंही नाही, कारण डॉटनेट ८ विंडोज ७ वर चालवायचं म्हटलं तर त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार नाही, आणि फ्रेमवर्क ४.७.२ तिथे बिनतक्रार चालतं. गल्ल्यावरच्या संगणकाचा निकाल इथेच लागतो.

राहिलं डॉटनेट स्टँडर्ड. नावावरून तेही एक डॉटनेट वाटतं, पण ते कुठेही 'चालत' नाही. ती एक यादी आहे: एवढे एवढे क्लास आणि एवढ्या मेथड जुन्या फ्रेमवर्कमध्येही मिळतील आणि नव्या डॉटनेटमध्येही मिळतील, असा करार. २.० ही यादी २०१७ ची. पुढे २.१ आली, पण ती जुन्या फ्रेमवर्कने कधीच स्वीकारली नाही. म्हणून जुन्या-नव्या दोघांना पोसायचं असेल तर २.० च धरायची, वरचा आकडा बघून मोहात पडायचं नाही.

पंगतीचं गणित

हे समजावताना मी लग्नाच्या स्वयंपाकाचा दाखला देतो. इंदूरमध्ये पंगत म्हटली की जैन पाहुणे असणारच. म्हणून अनुभवी महाराज मूळ रस्सा मोठ्या पातेल्यात कांदा, लसूण, बटाटा न घालता करतो. त्यातलाच काही भाग बाजूला काढून त्याला कांदा-लसणाची फोडणी देतो. जैन पातेल्यातलं कोणालाही वाढता येतं. फोडणीच्या पातेल्यातलं सगळ्यांना वाढता येत नाही.

नेटस्टँडर्ड२.० हे जैन पातेलं. त्यात फार चोचले नाहीत, पण जुनं फ्रेमवर्क, नवं डॉटनेट, विंडोज, उबंटू, सगळे ते घेऊ शकतात. नेट४७२ (म्हणजे फ्रेमवर्क ४.७.२) आणि नेट८.०-विंडोज (म्हणजे डॉटनेट ८, फक्त विंडोजसाठी) ही फोडणीची पातेली: चव जास्त, पाहुणे कमी. आणि वाढपी म्हणजे नूगेट, डॉटनेटची पॅकेजं आणून जोडणारं साधन. तुमच्या पॅकेजमध्ये कोणकोणती पातेली आहेत ते तो बघतो, समोरच्या ॲपचं टार्गेट बघतो, आणि त्याला चालेल अशांपैकी सगळ्यांत जवळचं वाढतो. ॲप नेट८.०-विंडोज असेल आणि पॅकेजमध्ये नेटस्टँडर्ड२.० आणि नेट८.०-विंडोज दोन्ही असतील, तर दुसरं मिळेल. उबंटूवरचं ॲप साधं नेट८.० आहे, त्याला नेटस्टँडर्डचं मिळेल. एकाच सोल्यूशनमधल्या प्रोजेक्टांनी एकमेकांना जोडून घेतलं तरी निवड अशीच होते.

वाढप्याला काहीच सापडलं नाही तर तो स्पष्ट सांगतो. एनयू१२०१ क्रमांकाची चूक दिसली की समजायचं, ज्याला जोडू पाहतोय त्या प्रोजेक्टकडे या ॲपला चालेल असं पातेलंच नाही. ही चूक त्रासदायक वाटली तरी ती आपल्या भल्याचीच आहे. धोका एनयू१७०१ चा. ती नुसती सूचना असते, पिवळी, बिल्ड अडवत नाही. तिचा अर्थ: तुझ्यासाठीचं काही नव्हतं, म्हणून जुन्या फ्रेमवर्कचं पातेलं वाढलंय, पचलं तर पचलं. पुष्कळदा पचतंही. पण नाही पचलं तर ते बिल्डच्या वेळी कळत नाही, दुकानात कळतं. ही सूचना मी कधीही तशीच सोडत नाही.

फाइलीत काय लिहायचं

एकच टार्गेट असेल तर खुणेचं नाव टार्गेटफ्रेमवर्क. एकाहून जास्त असतील तर टार्गेटफ्रेमवर्क्स, शेवटी 'एस', आणि आत अर्धविरामाने तोडलेली यादी. या एका अक्षराने लोकांच्या दुपारच्या दुपार गेल्या आहेत. फाइलीत चुकून दोन्ही खुणा राहिल्या तर एकवचन जिंकतं आणि अनेकवचनाची यादी गुपचूप बाजूला पडते. बिल्ड हिरवा दिसतो, पण आउटपुटच्या फोल्डरात एकच डीएलएल, म्हणजे बांधून तयार झालेली लायब्ररीची फाइल. यादी वाढवूनही काही घडत नसेल तर आधी हे बघा.

आता यादीत काय घालायचं. इथे माझं ठाम मत आहे: सगळी टार्गेटं एकाच लायब्ररीत कोंबू नका. कोडचे आधी दोन भाग करा, खिडकीची ओळख नसलेला आणि खिडकीची ओळख असलेला.

आमच्याकडे गाभ्याच्या लायब्ररीत फक्त नेटस्टँडर्ड२.० आहे. बिल, कर, उधारी, मालाची यादी सगळं तिथे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा दरांचा तक्ता तिथे एकदाच बदलावा लागला, तिन्ही संगणकांसाठी मिळून. विंडोजच्या खिडक्यांच्या लायब्ररीत नेट४७२ आणि नेट८.०-विंडोज अशी दोन टार्गेटं, आणि यूजडब्ल्यूपीएफ ही खूण ट्रू. ॲव्हलोनियाच्या खिडक्यांच्या लायब्ररीत साधं नेट८.०. ॲव्हलोनियाला विंडोजची शेपटी लागत नाही, लावली तर उबंटूचं दार बंद होतं.

यूजडब्ल्यूपीएफ गाभ्यात शिरू देऊ नका. एखाद्याला गाभ्यात एक संदेश दाखवायचा असतो, मेसेजबॉक्स सापडत नाही, कोणी सांगतं की ही खूण टाक, आणि सापडतो. पण त्यासाठी टार्गेट नेट८.०-विंडोज करावं लागतं, आणि त्या क्षणी सगळ्या पंगतीच्या पातेल्यात कांदा पडला. गोदामातल्या ॲपला आता गाभाच जोडता येणार नाही. गाभ्याने 'हा संदेश दाखवा' एवढं एका इंटरफेसमधून सांगावं. दाखवणं ज्याच्या त्याच्या खिडकीचं काम.

व्ह्यूमॉडेल, म्हणजे खिडकीत काय दाखवायचं ते सांभाळणारे क्लास, मात्र गाभ्यात खुशाल ठेवता येतात. पडद्यावरचं मूल्य बदललं हे कळवणारा आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड तिथे आहे. बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगणारा आयकमांडही आहे. त्याच्या नेमस्पेसमध्ये 'विंडोज' असा शब्द असल्यामुळे अनेकजण त्याला घाबरतात, पण तो डॉटनेट स्टँडर्डच्या यादीतलाच आहे. खिडकीच्या थ्रेडवर काम पोचवणारा डिस्पॅचर मात्र खरोखर डब्ल्यूपीएफचा, तो बाहेर.

टार्गेटप्रमाणे पॅकेज वेगळं लागलं तर ते जोडणाऱ्या ओळीवर अट घालता येते. काट्यावरून वजन सिरियल पोर्टने येतं. जुन्या फ्रेमवर्कमध्ये सिरियल पोर्टचे क्लास घरचेच आहेत, नव्या डॉटनेटमध्ये ते वेगळ्या पॅकेजमधून घ्यावे लागतात. म्हणून आमच्या उपकरणांच्या लायब्ररीत नेट४७२ आणि नेट८.० ही दोन टार्गेटं आहेत, आणि ते पॅकेज 'टार्गेट नेट८.० असेल तरच' या अटीखाली.

बांधतानाची अट आणि चालतानाची अट

ही उपकरणांची लायब्ररी आणखी एका गोष्टीसाठी बघण्यासारखी आहे. काकांचा विंडोज ११ आणि गोदामातलं उबंटू, दोघांनाही तिची नेट८.० चीच प्रत मिळते. डीएलएल तीच, बाइट अन् बाइट तेच. तरी विंडोजवर काट्याचं नाव कॉम३ असतं आणि उबंटूवर डेव्ह फोल्डरातलं टीटीवाययूएसबी०. हा फरक हॅश-इफने, म्हणजे कोडातला एखादा भाग ठेवायचा की गाळायचा ते ठरवणाऱ्या अटीने, सोडवताच येत नाही, कारण हॅश-इफ कोड बांधताना चालतं आणि इथे बांधणी एकदाच झाली आहे. इथे चालताना विचारावं लागतं: ऑपरेटिंगसिस्टम क्लासला 'विंडोज आहे का' म्हणून. जुन्या टार्गेटमध्ये त्या क्लासात ही मेथड नाही, तिथे रनटाइमइन्फर्मेशनला विचारायचं. आणि उबंटूवर नाव बरोबर देऊनही पोर्ट उघडत नसेल, तर कोडात दोष शोधू नका. त्या वापरकर्त्याला डायलआउट या गटात घातलं आहे का ते बघा.

हॅश-इफ कुठे वापरायचं, तर दोन टार्गेटांमध्ये क्लासच वेगळे आहेत तिथे. त्यात एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ सगळे एकदा पडतात. 'विंडोज' नावाचं चिन्ह नेट८.०-विंडोज बांधताना आपोआप मिळतं. नेट४७२ बांधताना ते मिळत नाही. जुनं फ्रेमवर्क विंडोजशिवाय कुठे जातही नाही, तरीसुद्धा! हे चिन्ह नव्या डॉटनेटच्या शेपटीतून जन्मतं, संगणकावरून नव्हे. म्हणून 'विंडोज असेल तर छपाईचा हा कोड' असं लिहिलं की गल्ल्यावरच्या प्रतीतून छपाईच गायब होते, एकही चूक न दाखवता. तिथे 'विंडोज किंवा नेटफ्रेमवर्क' अशी जोडअट लागते.

भाषेची आवृत्तीही टार्गेटवर ठरते. नेट८.० ला सी-शार्प १२ मिळतं, नेटस्टँडर्ड२.० आणि नेट४७२ ला ७.३. एकाच फाइलीतली एखादी ओळ एका टार्गेटला पटते आणि दुसऱ्याला नाही, त्याचं कारण बहुधा हेच. प्रोजेक्ट फाइलीत आवृत्ती जबरदस्तीने वाढवता येते आणि बरंचसं चालतंही, पण त्याला मायक्रोसॉफ्टची हमी नाही. मी गाभा ७.३ वरच ठेवतो. कराची बेरीज करायला त्याहून नवं काही लागत नाही.

जिरं बरोबर, चक्रीफूल चुकलं

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. वरचं सगळं नीट केलं, तिन्ही प्रती बांधल्या गेल्या, एकही सूचना उरली नाही, तरी त्या सारख्याच वागतील असं नाही.

पहिली नवी प्रत काकांच्या संगणकावर टाकली त्या दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "बाळा, इकडे ये जरा. जिरं बरोबर येतंय, धणे बरोबर येताहेत. चक्रीफुलाचं बघ काय झालंय." यादीत 'च' होतं, मग काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह, मग उरलेलं नाव.

त्या दुकानाची मालाची यादी जुनी, क्रुतिदेवमध्ये टंकलेली. क्रुतिदेवमध्ये अक्षरं देवनागरी दिसतात, पण फाइलीत असतात ती इंग्रजी अक्षरं. 'जीरा' हा शब्द फाइलीत टी-एच-जे-के असा असतो. फॉन्ट बदलला की तेच दिसतं. साधी अक्षरं बहुतेक अशी कीबोर्डवरच्या अक्षरांत भागतात. पण 'क्र'सारख्या काही जोडाक्षरांना जागा उरली नाही, म्हणून ती १२७ च्या वरच्या क्रमांकांवर बसवलेली आहेत.

आमचा कोड फाइल वाचताना 'एन्कोडिंग डिफॉल्ट' म्हणायचा. जुन्या फ्रेमवर्कमध्ये याचा अर्थ विंडोजचा नेहमीचा कोडपेज (कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर याचा तक्ता), म्हणजे तिथे १२५२. नव्या डॉटनेटमध्ये त्याच शब्दाचा अर्थ यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच पद्धत. कोड तोच, अर्थ बदलला. १२७ पर्यंतचे क्रमांक दोन्हींत सारखे, म्हणून जिरं वाचलं. त्याच्या वरचा सुटा बाइट यूटीएफ-८ ला समजत नाही, तो त्याजागी प्रश्नचिन्हाची खूण ठेवतो. आणि अशी यादी कोणी सेव्ह केली तर मूळ अक्षर कायमचं गेलं, कारण फाइलीत आता ती खूणच लिहिली जाते. काकांनी सेव्ह करायच्या आधी हाक मारली, म्हणून यादी वाचली. चूक आमची होती: 'डिफॉल्ट' हा शब्द दोन टार्गेटांना चालतो एवढं बघितलं, त्याचा अर्थ तपासला नाही.

उपाय असा की डिफॉल्ट म्हणायचंच नाही, १२५२ असं नाव घेऊन मागायचं. नव्या डॉटनेटमध्ये तेवढंही पुरत नाही. ॲप सुरू होताना कोडपेजेसचा प्रोव्हायडर एकदा नोंदवावा लागतो, नाहीतर १२५२ ओळखतच नाही. नेटस्टँडर्डच्या गाभ्यात त्यासाठी एक पॅकेज जोडावं लागतं.

असाच दुसरा फरक आकड्यांचा. ०.१ आणि ०.२ डबल या अपूर्णांक साठवायच्या प्रकारात मिळवून अक्षरांत बदला. जुनं फ्रेमवर्क ०.३ दाखवतं. डॉटनेट कोअर ३.० पासून पुढे ०.३०००००००००००००००४ दिसतं. बेरीज दोन्हीकडे एकच आहे. जुनं शेवटचे अंक लपवायचं, नवं दाखवतं. पैशांसाठी डबल वापरूच नये, डेसिमल वापरावा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वजनाच्या रकान्यात कोणीतरी डबल ठेवलेला असतो, आणि जुन्या प्रतीत तो वर्षानुवर्षं निमूट चाललेला असतो.

म्हणून चाचण्यांच्या प्रोजेक्टलाही अनेक टार्गेटं द्यायची. लायब्ररी नेटस्टँडर्डची असली तरी चाचणी नेट४७२ आणि नेट८.० दोन्हींवर चालवायची. नेटस्टँडर्डवर चाचणी चालवता येत नाही, कारण वर म्हटलं तसं ते चालणारं काही नाहीच. चाचणीची एकच आज्ञा दिली की प्रत्येक टार्गेटसाठी ती आपोआप वेगळी चालते. विंडोजची टार्गेटं लिनक्सवर बांधायची असतील तर एनेबलविंडोजटार्गेटिंग ही खूण ट्रू करावी लागते. त्याने बांधणी होते, पण डब्ल्यूपीएफची खिडकी तिथे उघडत नाही. त्यामुळे आमच्या चाचण्या एका विंडोजवर आणि एका उबंटूवर, दोन्हीकडे चालतात. क्रुतिदेवची एक छोटी यादी, जिरं, धणे आणि चक्रीफूल असलेली, आता त्या चाचण्यांत कायमची आहे.

यादी कधी वाढवायची, कधी कापायची

शेपटीनंतरही आकडा येऊ शकतो. नुसतं नेट८.०-विंडोज लिहिलं तर नूगेट त्याला विंडोज ७.० धरतं. विनयूआय (विंडोजच्या खिडक्यांचं नवं साधन) किंवा विंडोज १० च्या नव्या सोयी हव्या असतील तर १०.०.१९०४१.० असा आकडा जोडावा लागतो. लायब्ररीत तो गरजेपेक्षा मोठा टाकू नका, कारण लायब्ररीचा आकडा ॲपच्या आकड्यापेक्षा मोठा असला तर ते ॲप तिला घेऊच शकत नाही. लायब्ररीने कमीत कमी मागावं, ॲपने हवं तेवढं.

नवं टार्गेट घालायला एक अर्धविराम पुरतो. पण त्यानंतरचा प्रत्येक बदल एकदा जास्त बांधायचा, एकदा जास्त तपासायचा, आणि त्यातला बिघाड शोधायला तसा संगणक हाताशी ठेवायचा. म्हणून 'असू दे, कधी लागलं तर' अशी टार्गेटं मी काढून टाकतो. समोर बसलेला पाहुणा दिसला तरच पातेलं चढवायचं.

गल्ल्यावरचा विंडोज ७ बदला, असं मी मालकांना दोनदा सांगून झालं आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच काढला. दर वेळी उत्तर तेच येतं: "भैया, काटा या मशीनवर बरोबर चालतो, दिवाळीनंतर बघू." तोपर्यंत नेट४७२ यादीत आहे.